ठाणे-कल्याणमार्गे ऐंशी दिवसांत

रविवार, २० ऑक्टोबर १८७२. दुपारी साडेचारला एक आगबोट मुंबई बंदराला लागली आणि रात्री आठच्या गाडीने फिलिअस फॉग नावाचा एक घड्याळासारखा काटेकोर इंग्रज गृहस्थ कलकत्त्याकडे निघाला. गाडी साष्टी बेट ओलांडून ठाण्यासमोर मुख्य भूमीवर आली, तासाभरात मोकळ्या मुलखाला लागली आणि कल्याण जंक्शनला पोहोचली. इथून खंडाळा-पुण्याकडचा फाटा वेगळा होतो, हे सांगायलाही लेखक विसरला नाही. नाशिक रात्रीच मागे पडले, सकाळी खानदेश आला.

हा प्रवास खरा नव्हे, कादंबरीतला आहे. 'ऐंशी दिवसांत जगाची सफर' ही ती कादंबरी आणि ज्यूल व्हर्न हा तिचा फ्रेंच लेखक. ठाणे आणि कल्याण ही आपली दोन गावे त्याने जागतिक वाङ्मयात नेऊन बसवली, तीही हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर कधी पाऊल न ठेवता! डोंबिवलीचे नाव मात्र त्यात नाही. डोंबिवलीकरांनी राग मानू नये, कारण कल्याणनंतरचे जे स्टेशन त्याने लिहिले आहे ते 'पौवेल'. हा बहुधा पनवेलचा अपभ्रंश असावा आणि पनवेल तर त्या मार्गावर नाहीच. नकाशावर बोट ठेवून प्रवास करणाऱ्याचे बोट कधी तरी घसरायचेच.

ज्या माणसाच्या कथा मराठी मुलांच्या चार-पाच पिढ्या आपल्याच भाषेत वाचत आल्या, त्याचे आयुष्य मात्र आपल्याला फारसे माहीत नसते. भविष्य सांगणारा एक जादूगार, एवढीच त्याची ओळख. प्रत्यक्षात हा एक संसारी, कष्टाळू आणि पुष्कळसा दुःखी माणूस होता. त्याची गोष्ट त्याच्या कथांपेक्षा कमी वाचनीय नाही.

ज्यूल व्हर्नचा जन्म ८ फेब्रुवारी १८२८ रोजी फ्रान्समधल्या नाँत या बंदराच्या गावी झाला. वडील पिएर वकील, आईच्या घराण्यात जहाजांचा धंदा. घराजवळून ल्वार नदी वाहत होती आणि तिच्यावर परदेशातून आलेली गलबते उभी असत. अकराव्या वर्षी हा मुलगा हिंदुस्थानकडे निघालेल्या जहाजावर चोरून चढला आणि वडिलांनी त्याला वाटेत गाठून परत आणला, अशी एक गोष्ट सांगतात. ती त्याच्या मृत्यूनंतर घराण्यातल्याच एका चरित्रलेखिकेने प्रसिद्ध केली, आणि आजचे अभ्यासक तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. धाकटा भाऊ पॉल मात्र खरोखरच नौदलात गेला. ज्यूलच्या वाट्याला वडिलांची वकिली आली.

कायदा शिकण्यासाठी तो पॅरिसला गेला आणि नाटकांच्या नादी लागला. थोरल्या अलेक्झांडर द्यूमाची ओळख झाली. १८५० साली द्यूमाच्या नाट्यगृहात त्याची एक छोटी सुखात्मिका रंगमंचावर आली. पुढच्या वर्षापर्यंत वकिलीची परीक्षाही पार पडली. वडील नाँतमधली चालती वकिली मुलाच्या हाती सोपवायला तयार होते. १८५२ साली मुलाने नकार कळवला. मध्यमवर्गीय घरात असा नकार म्हणजे काय असतो, हे आपल्याकडच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. पोटासाठी त्याने एका नाट्यगृहात चिटणीसाचे काम धरले. पगार नावापुरता, प्रतिष्ठा त्याहून कमी.

मग लग्न ठरले. ओनोरीन ही दोन लहान मुली असलेली तरुण विधवा. १० जानेवारी १८५७ रोजी विवाह झाला आणि नाटकवेड्या कवीला एकदम चौघांच्या संसाराचा हिशेब मांडावा लागला. मेव्हण्याच्या ओळखीने आणि वडिलांच्या पैशाने तो पॅरिसच्या शेअर बाजारात दलालाच्या पेढीवर शिरला. पुढची पाच-सहा वर्षे त्याचा दिनक्रम ठरून गेला. पहाटे पाचला उठायचे, दहापर्यंत लिहायचे आणि मग बाजारात हजर व्हायचे. बाजारात तो भावांपेक्षा कोट्याच जास्त करी, असे त्याचे सोबती म्हणत. ज्यांनी आयुष्याची पस्तीस वर्षे बँकेत काढून उरल्या वेळात चार कादंबऱ्या लिहिल्या, त्यांना या दिनक्रमाविषयी किती आपुलकी वाटते म्हणून सांगू! डोंबिवलीहून सकाळच्या लोकलने मुंबई गाठायची आणि संध्याकाळी लेजर जुळल्याशिवाय उठायचे नाही, या चाकोरीत वाचन झाले ते गाडीत, आणि लेखन झाले ते घर झोपल्यावर.

व्हर्नचे नशीब उघडले ते एका फुग्यामुळे. नादार या नावाने प्रसिद्ध असलेला छायाचित्रकार त्याचा मित्र होता आणि त्याला हवाई फुग्यांचे वेड होते. व्हर्नने फुग्यातून आफ्रिका ओलांडण्याची गोष्ट लिहिली आणि पिएर-ज्यूल एट्झेल या प्रकाशकाकडे नेली. 'फुग्यातून पाच आठवडे' ही कादंबरी ३१ जानेवारी १८६३ रोजी प्रसिद्ध झाली आणि पाहता पाहता गाजली. एट्झेलने करार केला. दरवर्षी ठरलेले खंड द्यायचे, त्याचे ठरलेले पैसे घ्यायचे. व्हर्नने शेअर बाजाराला रामराम ठोकला. पस्तिशीत त्याला खरी नोकरी मिळाली, ती कल्पनेच्या खात्यात.

करार म्हटला की कलमे आली. सचित्र आवृत्त्यांचा नफा बराच काळ मुख्यतः प्रकाशकाच्या घरी गेला. पण एट्झेल हा नुसता व्यापारी नव्हता. तो हस्तलिखितावर बारीक नजर फिरवणारा, समासात शेरे मारणारा, शेवट बदलायला लावणारा संपादक होता. १८६४ साली त्याने मुलांसाठी आणि कुटुंबासाठी एक पाक्षिक काढले आणि व्हर्नच्या बहुतेक कथा आधी त्यात क्रमशः येऊ लागल्या. घरातल्या सर्वांनी एकत्र वाचावे, असे ते नियतकालिक. कथेतून भूगोल, खगोल, भूगर्भ, सागरशास्त्र सारे काही शिकवायचे, पण शिकवतो आहोत असे भासू द्यायचे नाही, ही त्याची रीत. त्याच १८६४ मध्ये 'पृथ्वीच्या पोटातला प्रवास' आला. योगायोग असा की आपल्या कल्याणचे सार्वजनिक वाचनालयही १८६४ चेच!

एट्झेलने केलेला एक नकार मात्र इथे सांगायला हवा. १८६३ च्या सुमारास व्हर्नने 'विसाव्या शतकातले पॅरिस' नावाची कादंबरी त्याच्यापुढे ठेवली. काळ १९६० चा. उंचावरून धावणाऱ्या गाड्या, वायूवर चालणारी वाहने, तारेवरून चित्रे पाठवणारी यंत्रे, सारे काही आहे. फक्त साहित्य कोणाला नको आहे. कथेचा नायक एक तरुण कवी, आणि त्याला पोटासाठी बँकेत, माणसापेक्षा कितीतरी उंच अशा अवाढव्य खातेवहीपाशी काम करावे लागते. प्रकाशकाला ती निराश आणि अविश्वसनीय वाटली. हस्तलिखित तिजोरीत पडून राहिले, ते व्हर्नच्या पणतूला १९८९ साली सापडले आणि १९९४ मध्ये छापले गेले. म्हणजे ज्या काळाचे भविष्य त्यात होते, तो काळ उलटून गेल्यावर! तेव्हा विज्ञानाचा हा भाट विज्ञानाला भाबडा भुलला होता, हा समज खरा नाही. त्याची शंका पहिल्यापासून होती. ती छापली गेली नाही एवढेच.

१८६५ मध्ये त्याने तीन माणसांना एका प्रचंड तोफेतून चंद्राकडे उडवले. उड्डाणाची जागा अमेरिकेतले फ्लॉरिडा, आणि पुढच्या भागात ते परत पडले पॅसिफिक महासागरात. १९६९ च्या जुलैत तीन माणसे फ्लॉरिडातूनच चंद्राकडे गेली आणि पॅसिफिकमध्येच उतरली, तेव्हा सगळ्या जगाला व्हर्नची आठवण झाली. अर्थात तोफेच्या पहिल्याच धक्क्याने त्याच्या प्रवाशांचा चेंदामेंदा झाला असता, हेही खरे. पण आकड्यांवाचून बोलायचे नाही, ही त्याची शिस्त होती. ती त्याने कशी सांभाळली? तो रोज वर्तमानपत्रे, शास्त्रीय मंडळांची वार्तापत्रे आणि प्रवासवर्णने वाचून टिपणे काढी. अखेरीस अशा टिपणांची संख्या वीस हजारांवर गेली होती.

आता येतो तो आपल्या जिव्हाळ्याचा विषय. 'समुद्राखाली वीस हजार कोस' १८६९-७० मध्ये आली. पाणबुडीचा कप्तान नेमो हा जगावर रुसलेला, विद्वान, उदार आणि निर्दय माणूस. तो कोण, कुठला, हे पुस्तकात सांगितलेले नाही. व्हर्नच्या मनात तो पोलंडचा सरदार होता. १८६३ मध्ये पोलंडने रशियाविरुद्ध केलेला उठाव चिरडला गेला, त्यात त्याचे घरदार गेले, म्हणून तो रशियन जहाजे बुडवतो, अशी मूळ कल्पना. एट्झेलला ती मानवली नाही. रशिया फ्रान्सचा स्नेही आणि पुस्तकांचे गिऱ्हाईकही. बराच पत्रव्यवहार झाला. गुलामांचा व्यापार करणाऱ्यांचा शत्रू कर, असे प्रकाशकाने सुचवले, ते लेखकाने मानले नाही. शेवटी नेमो बिनदेशाचाच राहिला.

पाच वर्षांनी, 'गूढ बेट' या कादंबरीत, मरणशय्येवर नेमोने आपले नाव सांगितले. तो हिंदुस्थानी निघाला! बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, राजपुत्र डक्कर. युरोपात शिकलेला, १८५७ च्या उठावात इंग्रजांविरुद्ध लढलेला, बायको आणि मुले गमावलेला. सत्तावन्नला अजून वीस वर्षेही झाली नव्हती आणि एका फ्रेंच लेखकाने आपल्या सर्वांत मोठ्या नायकाला त्या रणातला पराभूत वीर केले. तोही हातात तलवार घेऊन उभा केलेला नव्हे. शास्त्रज्ञ, इंजिनिअर, हजारो ग्रंथांच्या संग्रहाचा मालक. गोऱ्या जगाला विज्ञानात मागे टाकणारा हिंदी माणूस त्या काळात आणखी कोणी कल्पिला होता?

मग ही गोष्ट मराठी मुलांना कितपत कळली? इथे भाषांतराचा प्रश्न येतो. 'गूढ बेट'चे १८७५ चे इंग्रजी भाषांतर किंग्स्टन यांच्या नावावर आहे आणि पुष्कळ वर्षे तेच चालले. त्यात डक्करच्या तोंडचे इंग्रज राज्याविरुद्धचे बोल बदलून टाकले गेले, सत्तावन्नचा रंगच पालटला गेला. 'वीस हजार कोस'च्या मर्सिएकृत इंग्रजी भाषांतरातून जवळजवळ चतुर्थांश मजकूर गाळला होता. शिवाय चुका. नेब्रास्कामधल्या उजाड 'बॅडलँड्स' या प्रदेशाला त्याने नुसता अप्रिय प्रदेश करून टाकले. गाळलेला भाग मुख्यतः शास्त्राचा आणि राजकारणाचा. उरली ती साहसकथा. इंग्रजीत व्हर्न मुलांच्या कपाटात गेला तो असा. आणि आपल्याकडे तो आला मुख्यतः त्या इंग्रजीच्या खिडकीतून.

तरीही तो आला, हे भाग्यच. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या 'केरळकोकिळ' मासिकात १९०० पासून व्हर्नची चंद्रकथा मराठीत क्रमशः येऊ लागली. मराठीतल्या विज्ञानकथेचा इतिहास सांगणारे तिथूनच सुरुवात करतात. त्या वेळी खुद्द व्हर्न हयात होता. पुढे भा. रा. भागवतांनी त्याला खऱ्या अर्थाने घरचा केला. 'चंद्रावर स्वारी', 'समुद्रसैतान', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ही नुसती नावे घेतली तरी आज साठी-सत्तरीत असलेल्या कितीतरी वाचकांना मे महिन्याची सुट्टी आठवेल. फास्टर फेणेचे जनक असलेल्या भागवतांची मराठी अशी की परक्या देशातली माणसे शेजारच्या वाड्यातली वाटावीत. त्या वाचनावर वाढलेल्या पिढीतूनच विज्ञानकथेचा मराठी वाचक तयार झाला. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने कथा पाठवणाऱ्या जयंत नारळीकरांना तो वाचक आयता मिळाला.

व्हर्नचा हिंदुस्थान निर्दोष होता असे मुळीच नाही. फॉग ज्या तरुण विधवेला चितेवरून वाचवतो ती आउदा मुंबईच्या व्यापाऱ्याची पारशी मुलगी दाखवली आहे. पारशी बाईचे सती जाणे ही कल्पना मुंबईत कोणालाही हसू आणील. रेल्वेमार्ग अलाहाबादच्या अलीकडे पन्नास मैल अपुरा दाखवला आहे, म्हणून तर हत्ती घ्यावा लागतो. वास्तविक मुंबई-कलकत्ता मार्ग १८७० मध्येच जोडला गेला होता. आणि १८८० च्या 'वाफेचे घर' या कादंबरीत, कर्जतजवळच्या वेणगावात जन्मलेले नानासाहेब पेशवे खलनायक म्हणून येतात. एका पुस्तकात सत्तावन्नचा वीर, दुसऱ्यात सत्तावन्नचा राक्षस. मात्र त्याच पुस्तकात इंग्रजांनी घेतलेल्या सूडाचे हिशेबही त्याने मांडले आहेत. दूरच्या देशाबद्दल लिहिणाऱ्याचे मन असे दोन्हीकडे ओढले जाते. वाचकाने त्याच्या दोन्ही वह्या पाहाव्यात.

हिंदुस्थान त्याच्या घरातही आला, पण फार कडू रीतीने. १८६१ मध्ये जन्मलेला एकुलता एक मुलगा मिशेल हूड निघाला. बाप सतत लिहिण्यात गढलेला, घरात गडबड झालेली चालत नसे. मुलगा हाताबाहेर गेला तेव्हा वडिलांनी त्याला आधी सुधारगृहात ठेवले आणि १८७८ मध्ये हिंदुस्थानकडे जाणाऱ्या जहाजावर पाठवून दिले. दीडेक वर्ष तो बाहेर होता. ज्या प्रवासाची स्वप्ने बापाने लाखो मुलांना विकली, तोच प्रवास त्याने स्वतःच्या मुलाला शिक्षा म्हणून दिला! मुलांसाठी लिहिणाऱ्या माणसाला स्वतःचे मूल कळले नाही, ही त्या घरातली खरी शोकांतिका.

१८७१ पासून व्हर्न बायकोच्या माहेरी, आमिआँ गावी राहत होता. 'ऐंशी दिवस' १८७२ च्या अखेरीस वर्तमानपत्रात क्रमशः आली आणि १८७४ पासून तिच्या नाटकाने पैशांचा पाऊस पाडला. स्वतःची यॉट घेऊन तो युरोपचे किनारे फिरला. मग १८८६ हे वर्ष उजाडले. ९ मार्चला त्याचा लाडका पुतण्या गास्ताँ, ज्याचे मन ताळ्यावर राहिले नव्हते, त्याने घराच्या दारातच त्याच्यावर पिस्तूल झाडले. गोळी पायात रुतली, ती कधीच निघाली नाही. व्हर्न जन्मभर लंगडत राहिला. आठच दिवसांनी एट्झेल वारला. पुढच्या वर्षी आई गेली. समुद्रावर जाणे संपले.

पण माणूस बसून राहिला नाही. १८८८ मध्ये तो आमिआँच्या नगरपालिकेवर निवडून आला आणि पंधरा वर्षांहून अधिक काळ नगरसेवक होता. नाट्यगृह, शाळा, रस्ते, गावातली पक्की सर्कस, असल्या विषयांवर तो अहवाल लिहीत असे. चंद्रावर माणूस पाठवणारा लेखक गटारांच्या बैठकीला वेळेवर हजर! फ्रेंच अकादमीने मात्र त्याला कधी आपल्यात घेतले नाही. मुलांचा लेखक, हा शिक्का पुसला गेला नाही आणि त्याची सल त्याला होती. मधुमेह वाढला, दृष्टी अधू झाली, तरी पहाटेचे लेखन चालू होते. २४ मार्च १९०५ रोजी आमिआँमध्ये त्याचा अंत झाला. मेजाच्या खणात पुऱ्या-अपुऱ्या कादंबऱ्यांची चळत होती.

ती चळत प्रकाशात आणली मिशेलने, त्याच हूड मुलाने. बापलेकांचे पुढे जुळले होते. वडिलांच्या नावाने एकेक पुस्तक येत राहिले आणि जग ते व्हर्नचे म्हणून वाचत राहिले. मिशेलने त्यांत पुष्कळ फेरफार केले होते, काही भाग तर स्वतःच लिहिले होते, हे कळायला सत्तर वर्षे गेली. मूळ हस्तलिखिते १९८० च्या दशकात छापली गेली. अभ्यासक त्याला दोष देतात, तो रास्तही आहे. पण बापाने लिहिताना ज्या मुलाला खोलीबाहेर ठेवले, तो अखेर त्याच खोलीत, त्याच मेजाशी येऊन बसला, हेही विसरून चालणार नाही.

युनेस्कोच्या भाषांतरांच्या सूचीत व्हर्नचा क्रमांक अगाथा ख्रिस्तीच्या मागोमाग दुसरा लागतो. एवढा भाषांतरित लेखक इतका अर्धवट वाचला जावा, हे नवल आहे. इंग्रजीत गेल्या काही दशकांत त्याची संपूर्ण, मुळाबरहुकूम भाषांतरे झाली आणि कापलेला मजकूर जागेवर परत आला. मराठीत फ्रेंच जाणणारी माणसे आज पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक आहेत. ठाणे, डोंबिवलीतली शाळा-कॉलेजातली मुले फ्रेंच विषय गुणांसाठी घेतात. त्यांतल्या एखाद्याने तरी 'गूढ बेट' मुळातून मराठीत आणावे. आपल्याच सत्तावन्नची गोष्ट परक्याने लिहिली, तिसऱ्याने कापली, आणि ती कापलेलीच आपण वाचत राहायची, हे बरे नव्हे.

तोवर घरातल्या मुलांना हाती लागेल तो व्हर्न जरूर द्यावा. भागवतांची पुस्तके तर द्यावीतच, ती स्वतःच मराठीचा ठेवा आहेत. १८६४ चे कल्याणचे वाचनालय आणि १८९३ चे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय आपल्या हाकेच्या अंतरावर आहे. फक्त पुस्तक हातात देताना मुलांना दोन गोष्टी सांगाव्यात. एक, हा कप्तान नेमो आपला आहे. आणि दुसरी, पुस्तक वाचता वाचता मूल काही विचारायला दाराशी आले, तर हातातले काम खाली ठेवून आधी त्याला आत घ्यावे. ही गोष्ट मात्र आई-वडिलांसाठी.